सीपॅपचा मास्क: घालून, झोपून बघितल्याशिवाय घेऊ नका (पुण्यातला अनुभव)

स्लीप अ‍ॅपनिया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) निघालाय आणि सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावा असं डॉक्टरांनी सांगितलंय अशा सगळ्यांसाठी लिहितेय, पण खास करून बायकांसाठी, कारण मला जे प्रश्न पडले त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला कुठेच मिळाली नाहीत. चमकी काढायची का, अंबाडा असेल तर मागचा पट्टा कसा बसवायचा, रात्री तोंडाला क्रीम लावलं तर चालतं का, मंगळसूत्र ट्यूबमध्ये अडकतं त्याचं काय. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो बसेल हो मॅडम, सगळ्यांना बसतो. सगळ्यांना बसत नाही.

निकाल आधीच सांगून टाकते. मशीन कुठल्याही चांगल्या कंपनीचं ऑटो (दाब स्वतःच कमी-जास्त करणारं) घ्या, त्यात फार अडकू नका. रेसमेड, फिलिप्स, फिशर अँड पायकेल, बीएमसी अशी नावं कानावर येतील, डॉक्टर सांगतील ते घ्या. पण मास्क मात्र स्वतः जाऊन, आडवं झोपून, हवा चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. मशीन कोपऱ्यात पडून राहतं ते बहुतेक वेळा मास्कमुळे, हे मला माझ्या डॉक्टरांनी पण सांगितलं आणि मी स्वतः पण बघितलं.

माझं थोडक्यात. वय 53, कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. दोनेक वर्षं सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही, रात्री सारखं बाथरूमला उठायचं, दुपारी पेपर तपासताना पेन हातातच राहायचं आणि डोळा लागायचा. थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं, बी12 आणि डी झालं, पाळी गेली की होतंच असं हे सगळ्यांनी सांगून झालं. घोरण्याबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि आमचे हे सांगायचे की घोरतेस, पण दमलीयेस म्हणून घोरतेस. पुढे छातीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की पाळी गेल्यावर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं, आणि बायकांमध्ये मोठमोठ्यानं घोरणं, गुदमरून उठणं यापेक्षा थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, उदास वाटणं अशा तक्रारी जास्त असतात, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. हे वाचून कुणाला आपली आई किंवा बहीण आठवली तर प्लीज तिला घेऊन जा.

स्लीप स्टडीत (झोपेत श्वास तपासायची टेस्ट) एएचआय 34 आला. म्हणजे तासाला 34 वेळा श्वास एक तर थांबत होता नाही तर खूप उथळ होत होता, आणि हे मोजताना प्रत्येक वेळ किमान 10 सेकंदांची असावी लागते. 5 च्या खाली नॉर्मल, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर गंभीर. रक्तातला ऑक्सिजन मध्येच 81 टक्क्यांपर्यंत खाली जात होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते, शहाळ्यातली मऊ स्ट्रॉ जोरात ओढली की कशी चिकटते तसं. सीपॅप त्या वाटेत हलका दाब ठेवून ती उघडी ठेवतो, बाकी काही करत नाही. घरी येणारे सगळे विचारतात ऑक्सिजन लावलाय का, तर नाही, ही खोलीतलीच हवा असते, गाळून दाबाने सोडलेली. (टेस्टला जाताना केस धुवून जा, तेल अजिबात नको, डोक्याला वायरी चिकटवतात त्या तेलाने निघतात, आणि बोटांचं नेलपेंट काढून जा कारण बोटाला ऑक्सिमीटर लावतात.)

आता मास्क.

पहिला मास्क मशीनबरोबरच आला. डीलरचा माणूस घरी आला, मी सोफ्यावर बसलेली, मशीन बंद, त्याने माझ्या तोंडावर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क लावला, मागून पट्टे ओढले, मीडियम सगळ्यांना होतो म्हणाला, सही घेतली आणि गेला. रात्री आडवी झाले आणि हवा चालू झाली तशी ती सरळ डोळ्यांत यायला लागली. झोपल्यावर गाल मागे सरकतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो, त्यामुळे बसून केलेल्या फिटिंगला काही अर्थ नसतो. फोन केला तर सांगितलं पट्टे अजून घट्ट करा. घट्ट केल्यावर लीक आणखी वाढलं आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लालभडक वळ. याचं कारण मला नंतर दुसऱ्या दुकानात कळलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं असं वाटतं: कडेच्या सिलिकॉनच्या कुशनला आतून एक पातळ पाळ असते, ती हवेने फुगते आणि चेहऱ्याला टेकते, म्हणजे हवा अडवायचं काम ती पाळ करते, पट्टा नाही. पट्टा जास्त ओढला की पाळ चेपते, सुरकुत्या पडतात आणि हवा तिथूनच बाहेर येते. पट्टा एवढाच हवा की मास्क जागेवर राहील, पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे.

तो मास्क वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांचं नाक कायम चोंदलेलं असतं, पडदा वाकडा आहे, किंवा झोपेत तोंड उघडंच राहतं, त्यांना तोच लागतो. आमच्या शाळेतले एक सर तोच वापरतात आणि त्यांना छान चाललाय. पण माझा चेहरा लहान, हनुवटी आत, आणि सगळं झाकलं की मला घाबरायला होतं. लिफ्ट मध्येच बंद पडल्यावर जसं छातीत होतं ना ते. पहाटे कधीतरी झोपेतच काढून टाकायचे आणि सकाळी तो उशीखाली सापडायचा. सुरुवातीला हे पुष्कळ जणांना होतं, म्हणून लगेच हिंमत सोडू नका, पण एवढ्यावरच थांबूही नका, मास्कचा प्रकार बदलून बघा.

दुसरा प्रकार फक्त नाकावर बसणारा, तिकोनी. हा खूपच हलका, बोलता येतं, पाणी पिता येतं, चष्मा मात्र त्यातल्या काही मास्कवरच बसतो, सगळ्यांवर नाही. इथे माझी गाडी चमकीवर अडली. चमकी डाव्या नाकपुडीवर, आणि कुशनची कड बरोबर तिथेच येते. रोज रात्री काढायची म्हटलं तर फिरकीची चमकी, रात्री डोळ्यावर झोप असताना काढायची आणि सकाळी सातची शाळा असताना आरशासमोर उभं राहून घालायची, आणि ठेवली तर एक तर टोचते नाही तर सिलिकॉनवर ओरखडे येऊन तिथून हवा निसटते. ज्या बायका चमकी घालत नाहीत किंवा ज्यांची सहज निघते त्यांच्यासाठी हा प्रकार मी पहिल्यांदा बघा म्हणेन, दाब जास्त लागत असेल तरी तो नीट धरून राहतो. टिकलीचं पण सांगते, काही मास्कना कपाळावर टेकणारी पट्टी असते, तिच्याखाली टिकलीचा गोंद चिकटून बसतो, झोपताना टिकली काढून आरशाला लावून ठेवायची आपली सवय आहेच तीच ठेवा.

मला शेवटी जमला तो नाकाखाली टेकणारा. यात परत दोन तऱ्हा आहेत. एकात दोन मऊ बोंडं नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात, त्याला पिलो म्हणतात. दुसऱ्यात नाकाखाली एक छोटा झोळीसारखा भाग टेकतो, आत काही जात नाही. पिलोवाला सगळ्यांत छोटा आणि हलका, पण मला नाकपुड्या आतून हुळहुळायला लागल्या, आणि दाब बराच जास्त असेल तर नाकात झोंबतो असं तिथल्या मुलाने पण सांगितलं. झोळीवाला मला पहिल्या झोपेतच आवडला. चमकी वर मोकळी राहते, नाकाच्या दांड्यावर काहीच नाही, डोळ्यांसमोर काही नाही त्यामुळे ती घाबरल्याची भावना गेली, झोपायच्या आधी चष्मा लावून वाचता येतं. माझा दाब ऑटोवर रात्री बहुतेक 9-10 च्या आसपास असतो (मशीनची रेंज 4 ते 20 सेंटीमीटर पाणी अशी मोजतात) आणि तेवढ्याला हा हलत नाही.

यातही ट्यूब समोर जोडलेला आणि ट्यूब डोक्यावर जोडलेला असे दोन येतात, आणि बायकांनी हा फरक नक्की बघा. समोर ट्यूब असेल तर ती छातीवरून जाते, मंगळसूत्रात अडकते, कूस बदलली की ओढ बसते. डोक्यावरच्या प्रकारात दोन्ही गालांवरून पोकळ नळ्या वर जातात आणि हवा त्यांतूनच खाली येते, ट्यूब उशीच्या वरून मागे निघून जाते. कुशीवर झोपल्यावर एका गालाची नळी दबते पण दुसरीतून हवा येत राहते. मला शंका होती, दुकानात दोन्ही कुशींवर झोपून खात्री केली. फक्त अंबाडा वर बांधला असेल तर तो बरोबर ट्यूबच्या जोडाखाली येतो, आणि मागे मधोमध बांधला तर पट्टा वर सरकतो. सैल वेणी घालून ती एका बाजूला पुढे घ्यायची, हा एकच प्रकार मला चालला. केस लांब असतील तर पट्ट्याच्या वेल्क्रोमध्ये केस अडकतात, त्यामुळे आधी मास्क समोर लावायचा आणि मग पट्टा डोक्यावरून मागे घ्यायचा, उलट करायचं नाही.

त्याचे तोटे पण लिहिते. तोंड उघडलं की हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर सुसाट येते, दचकून जाग येते, सकाळी तोंड कोरडं. मला हे सुरुवातीला झालं आणि मग हळूहळू कमी झालं, ज्यांचं कमी होत नाही त्यांना हनुवटीचा पट्टा देतात, तो सगळ्यांना उपयोगी पडतोच असं नाही, मग मोठ्या मास्ककडे वळावं लागतं. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतायत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नका. मास्कला पुढे बारीक छिद्रं असतात, सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो, ती बंद करायची नाहीत, पण त्याचा झोत शेजारच्याच्या तोंडावर जातो, त्यामुळे मी आता यांच्याकडे पाठ करून झोपते. गालांवर सकाळी नळ्यांचे वळ असतात, आंघोळ-चहा होईपर्यंत जातात. आणि लहान साइझची फ्रेम पुण्यात पटकन मिळत नाही, मागवायला लागली.

ज्या दुकानात हे सगळं घालून बघता आलं त्याबद्दल मला मनापासून लिहायचंय. टिळक रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर छोटंसं दुकान आहे, श्वासाची आणि झोपेची मशीनं, मास्क, फिल्टर एवढंच ठेवतात. फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, काकू रिपोर्ट आणा, मशीन आणा आणि तुमची रोजची उशी आणा. उशी ऐकल्यावरच मला कळलं की या माणसाला काम येतं. तिथे पडद्यामागे एक साधी कॉट आहे. त्याने आधी कागदी मापाने नाकाची रुंदी घेतली, मग माझ्या रिपोर्टवरचा दाब मशीनला लावला, मास्क चढवला आणि म्हणाला आता अर्धा तास पडून राहा, दोन्ही कुशींवर वळा, मुद्दाम तोंड उघडून बघा, बोलून बघा, काही घाई नाही. मध्येच येऊन लीकचा आकडा बघून जायचा. असे वेगवेगळे मास्क त्याने एकेक करून लावले आणि जो बसत नव्हता तो त्याने स्वतःच बाजूला केला, महागाचा असला तरी. चमकीचं मी सांगितल्यावर तो हसला नाही की काढून टाका म्हणाला नाही, मग नाकाखालचेच बघू म्हणाला. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा असेल, पण एवढ्या शांतपणे कुणी मोठ्या हॉस्पिटलात पण समजावलं नव्हतं. त्याचा एक प्रश्न मला फार आवडला, घरात कुणाला पेसमेकर आहे का? कारण पुष्कळ मास्कच्या क्लिपांमध्ये लोहचुंबक असतं, आणि पेशंटला किंवा त्याच्या अगदी जवळ झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर किंवा असं काही बसवलेलं असेल तर ते चालत नाही, कंपन्यांनीच तशा सूचना काढल्यात. आमच्या सासूबाईंना पेसमेकर आहे आणि त्यांना बरं नसलं की मी त्यांच्या शेजारी झोपते. पहिल्या डीलरने हे विचारलं पण नव्हतं. माझ्या मास्कला साध्या क्लिपा आहेत.

दुकानाच्या बाजूने दोन गोष्टी कमी. गाडी लावायला अजिबात जागा नाही, रिक्षाने किंवा बसने जा. आणि जिना उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांना त्रास होईल, त्यांच्यासाठी घरी येतात का ते फोनवर विचारून घ्या.

सवय व्हायला मात्र वेळ द्यायलाच लागतो, मास्क कितीही चांगला असला तरी. मला सगळ्यांत उपयोगी पडलं ते रात्रीची वाट न बघता दिवसा घालणं. संध्याकाळी टीव्ही बघताना नुसता मास्क, मग हवा चालू करून, मग दुपारच्या झोपेला. सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर पडायची सवय आहेच, तर ती झोप मास्क लावूनच घ्यायची, तसंही दुपारी पण श्वास अडकतोच त्यामुळे डुलकीला सुद्धा लावा असं डॉक्टर सांगतात. रॅम्प नावाची सोय असते, हवा एकदम न येता कमी दाबाने सुरू होऊन हळूहळू वाढते, ती चालू ठेवा. पण काही जणांना उलट होतं, सुरुवातीचा दाब फार कमी असला की हवा पुरत नाही असं वाटतं, माझंही तसंच होतं, डॉक्टरांनी सुरुवातीचा दाब 4 चा 6 केला आणि तो गुदमरल्यासारखा भास लगेच गेला. श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारं एक सेटिंग असतं, ते पण विचारून घ्या. ही सेटिंग डॉक्टर किंवा टेक्निशियनकडूनच करून घ्या.

पोटात हवा जाते हा एक त्रास होतो, सकाळी पोट फुगलेलं आणि सारख्या ढेकरा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं केलं आणि दाबाची वरची मर्यादा डॉक्टरांनी थोडी कमी केली, मग थांबलं. नाक चोंदलं असेल तर नाकाखालचा मास्क काहीच कामाचा नाही, म्हणून मी झोपायच्या आधी सलाइनचा स्प्रे मारते. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

आता पुण्याच्या हवेचं. मार्च ते मे इथली हवा एवढी कोरडी असते की ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी, मशीनला जोडलेली पाण्याची टाकी) नसेल तर नाक सोलून निघतं, काही जणांना रक्त पण येतं. पावसाळ्यात तोच मी अगदी कमीवर ठेवते. आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडला की ट्यूबमध्ये पाणी साठतं, गुडगुड आवाज यायला लागतो आणि थेंब नाकावर पडतात. गरम हवा गार ट्यूबमधून जाताना वाफेचं पाणी होतं म्हणून. गरम होणारी ट्यूब मिळते पण महाग आहे, मी जुन्या सुती साडीच्या दुहेरी कापडाची पिशवी शिवून ट्यूबवर चढवली, काम झालं. मशीन पलंगापेक्षा खाली छोट्या स्टुलावर ठेवा, म्हणजे साठलेलं पाणी मशीनकडे परत जाईल, तोंडाकडे येणार नाही. पाणी डिस्टिल्डच घाला, केमिस्टकडे कॅन मिळतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने टाकीत पांढरा थर बसतो. पाणी रोज ओतून टाकायचं, कालचंच परत वापरायचं नाही. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने फिल्टर बघता बघता काळा होतो, त्या आठवड्यात बदलूनच टाका. खोलीत उदबत्ती, कॉइल, धूप लावलं की तो वास सरळ नाकात येतो, गाळणी धूळ अडवते पण वास अडवत नाही.

स्वच्छतेचं जास्त काही नाही, कुशन रोज सकाळी कोमट पाण्याने आणि साध्या सौम्य साबणाने धुवायचं, पट्टे आणि ट्यूब आठवड्यातून एकदा, सावलीत वाळवायचं. डेटॉल, स्पिरिट नको, सिलिकॉन खराब होतं. आणि हे बायकांसाठी परत सांगते: रात्रीचं क्रीम, खोबरेल तेल, व्हॅसलीन यातलं काहीही लावलं की कुशन घसरतं आणि सिलिकॉन लवकर पिवळं आणि मऊ पडतं. मी क्रीम संध्याकाळीच लावते आणि झोपताना चेहरा साबणाने धुऊन पुसून मग मास्क लावते. डोक्याला तेल लावायचं असेल तर रविवारी सकाळी, न्हायच्या आधी.

पैशाचं. ऑटो सीपॅप साधारण 40 हजारांपासून 80-90 हजारांपर्यंत, मास्क 5 ते 10 हजारांच्या घरात. महिन्याच्या भाड्याने पण मशीन मिळतं, नवीन पेशंटने आधी भाड्याने घेऊन सवय होते का बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, मास्क मात्र स्वतःचा नवीन. आमच्या मेडिक्लेममध्ये मशीनचे पैसे मिळाले नाहीत, तुमच्या पॉलिसीत वगळलेल्या वस्तूंची यादी आधी वाचा. जुनं मशीन कुणाकडून घेत असाल तर मॉडेल तपासा, कारण जून 2021 मध्ये फिलिप्सने पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन आणि आणखी बरीच मशीनं परत बोलावली होती, आवाज कमी करायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून. वापरलेला मास्क तर कुणाचाच घेऊ नका, अगदी सख्ख्या बहिणीचा सुद्धा.

प्रवासाचं एवढंच की मशीन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका, निघताना टाकीतलं पाणी काढा आणि एक्स्टेंशन बोर्ड बरोबर घ्या. गौरी-गणपतीला आम्ही वाईला दिरांकडे जातो, तिथे एका खोलीत पाच-सहा जणी झोपतो, मला लाज वाटत होती. जाऊबाईंनी विचारलं, मी मास्क लावून दाखवला, हवा त्यांच्या हातावर सोडून दाखवली, आणि मग रात्रभर त्यांचंच घोरणं ऐकलं, मध्येच थांबायचं, मग एकदम हुंदका आल्यासारखा श्वास. सकाळी त्यांच्याकडून पुण्याला टेस्टला यायचं वचन घेतलंय. वीज गेली तर मशीन बंद पडतं, मास्कमधून श्वास घेता येतो पण जाग येते, त्यामुळे घराला इन्व्हर्टर असेल तर त्या खोलीतला सॉकेट त्यावर घेतलेला बरा.

एक गोष्ट वाचली ती इथे लिहितेच, मला तिने खूप धीर दिला. सीपॅप सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी शोधला, 1981 साली त्यांचा पेपर आला. सुरुवातीच्या पेशंटना नाकाचा साचा घेऊन बनवलेला मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने चेहऱ्यावर चिकटवायला लागायचा आणि सकाळी सोलून काढायचा. तरी लोक तो लावायचे, कारण त्यांना कित्येक वर्षांनी झोप मिळत होती. तेवढी झोप काय असते ते मला आता कळतं. मशीनवर माझा एएचआय आता 2 ते 3 दाखवतो, रात्री बाथरूमला उठणं जवळपास बंद, डोकेदुखी गेली, बीपी डॉक्टरांच्या मनासारखं यायला लागलंय. सगळ्यांत मोठं म्हणजे मी परत गाडी चालवते. मुंबईला लेकीकडे जाताना एक्सप्रेसवेवर लोणावळ्याच्या पुढे डोळे मिटायला लागायचे म्हणून मी स्टीअरिंग सोडलं होतं. ज्यांना गाडी चालवताना झोप येते त्यांनी हा विषय पुढे ढकलू नका, तोवर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

मार्क द्यायचे तर नाकाखालच्या, डोक्यावर ट्यूब असलेल्या प्रकाराला माझ्याकडून 5 पैकी 4, एक मार्क लहान साइझच्या टंचाईमुळे आणि तोंड उघडलं की होणाऱ्या त्रासामुळे कापला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एकापेक्षा जास्त कंपन्या हा आकार बनवतात आणि माझ्या चेहऱ्याला बसलेला तुमच्याला बसेलच असं नाही. दुकानाला 5 पैकी 5.

कुठेही गेलात तरी या गोष्टी विचारून घ्या: झोपून ट्रायल देता का, बसला नाही तर किती दिवसांत बदलून देता, आणि नुसतं कुशन सुटं मिळतं का, कारण काही महिन्यांनी कुशनच मऊ पडतं, फ्रेम टिकते आणि अख्खा मास्क परत घ्यायची गरज नसते. जाताना स्लीप स्टडीचा रिपोर्ट, मशीन, मशीनमधलं कार्ड आणि उशी घ्या, केस झोपताना बांधता तसेच बांधा, आणि दुपारी 1 ते 4 सोडून जा, दुकान बंद असतं.